सात नंबरचं शून्य

कचेरीत त्याला सगळे कानस म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्याला ते ठाऊक होतं आणि त्याची खंतही नव्हती. कानस लोखंड घासते. या गृहस्थाच्या टेबलासमोरून गेलेला माणूसही थोडा झिजूनच पुढे जायचा. कोणी पाच मिनिटं उशिरा आलं तर तो घड्याळाकडे बघत नसे, आलेल्याच्या बुटांकडे बघे, आणि ते जास्त लागे. वय एकावन्न, अंगाने काटकुळा, लग्न केलेलं नाही. नाकावर माशी बसू देत नाही म्हणतात, तसा. आणि चुकून बसलीच तर तिलाही दोन शब्द सुनावल्याशिवाय सोडत नसे.

कचेरी टायरच्या दुकानावर होती. पाच माणसं, सहा संगणक आणि रबराचा वास. गिरण्या, शीतगृहं, पाण्याचे पंप अशा ठिकाणची यंत्रं चालवणारे प्रोग्राम तिथे लिहिले जात. त्यातला सगळ्यात जुना माणूस कानस, आणि त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही ओळ बाहेर पडत नसे.

त्याचा एक नियम होता. तो समजायला थोडी त्या धंद्याची माहिती हवी. प्रोग्राम लिहिणारे आधी एक साचा लिहितात. त्याला ते क्लास म्हणतात. साच्यातून जो नग निघतो तो ऑब्जेक्ट. बारा खोल्यांचं शीतगृह असेल तर ‘खोली’ नावाचा साचा एकच, त्यातून निघालेले नग बारा. नग जन्माला येतो त्या क्षणी, दुसऱ्या कोणाचा हात त्याला लागायच्या आधी, काही ठरावीक ओळी एकदाच चालतात. त्यांना कन्स्ट्रक्टर म्हणतात. खोलीचा नंबर काय, तापमान किती, थंडावा सोडणारी झडप उघडी की बंद, हे तिथे भरलं जातं आणि तेवढी शिदोरी घेऊन तो नग कामाला लागतो. कानसचा नियम असा, की कन्स्ट्रक्टरमध्ये एकही जागा रिकामी सोडायची नाही.

हा नियम त्याने हौसेने केलेला नव्हता. ऐन उमेदीत एका पिठाच्या गिरणीचं काम त्याने केलं होतं. मोटारीच्या साच्यात वेगाची जागा त्याने रिकामी सोडली. नंतर भरू म्हणाला आणि विसरला. पहिल्याच दिवशी प्रोग्रामने ती रिकामी जागा वाचायचा प्रयत्न केला आणि मान टाकली. गिरणी दिवसभर बंद. गिरणीवाल्याने त्याला पोत्यांवर बसवून सगळ्या हमालांसमोर धुतला. त्या दिवसापासून रिकाम्या जागेचा त्याने जो धसका घेतला तो कायमचा.

शीतगृहाचं काम आलं तेव्हा साचा लिहायला चष्मेवाली होती. ही त्याच्या खालोखालची, पस्तिशीची, स्वभावाने गरीब नसलेली बाई.

“तापमानाची जागा रिकामी ठेवू या,” ती म्हणाली होती. “खोलीतला सेन्सर पहिला आकडा पाठवीपर्यंत आपल्याला तापमान माहीत नसतं. तर माहीत नाही असंच म्हणू.”

“माहीत नाही हा काय आकडा आहे?”

“नाहीच. म्हणून तर.”

“आणि त्या रिकाम्या जागेशी कोणी वजाबाकी करायला गेलं की प्रोग्राम कोसळेल. बारा खोल्या बंद. मग तुम्ही जाणार का तिथे पदराने वारा घालायला?”

“कोसळला तर निदान कळेल तरी.”

“बाई, पोर अर्धवट जन्माला घालायचं आणि वर म्हणायचं, रडलं की कळेलच! हे माझ्यासमोर चालणार नाही. शून्य लिहा. अर्ध्या मिनिटात खरा आकडा येतो.”

तिने शून्य लिहिलं. कळ अशी दाबली की शेजारच्या टेबलावरचा माणूस दचकला.

आता त्या शीतगृहातली गंमत अशी, की तिथला ऑपरेटर म्हणजे कानसच्या थोरल्या बहिणीचा नवरा. दाजी. दोघं राहायला एकाच घरात. आईवडिलांनी दोन्ही भावंडांच्या नावे ठेवलेलं ते घर, खाली ताई आणि दाजी, वर कानस. दोघांमधून विस्तव जात नसे. दाजी धिप्पाड, मोठ्या आवाजाचे, चारचौघांत टाळी मागून बोलणारे. “आमच्या मेहुण्याला मुलगी कोण देणार?” असं ते येईल त्या पाहुण्याला सांगत. “पहिल्याच दिवशी तिच्या चुकांची यादी छापून हातात देईल.” कानस जेवायला खाली बसत नसे. ताई डबा भरून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवी आणि तो तिथून उचलून वर नेई. अशी अकरा वर्षं गेली होती.

नवी यंत्रणा बसली तेव्हा दाजींनी शीतगृहाच्या मालकिणीला विनंती केली, की खोल्यांच्या दारांवरचे जुने काट्याचे तापमापक राहू द्यावेत. कानस शेजारी उभा होता. “मग प्रोग्राम काय शोभेला ठेवायचा?” तो म्हणाला. मालकिणीने तापमापक काढले. त्या संध्याकाळी डब्यात भाजी नव्हती. ती ताईने काढून घेतली नव्हती, हे सांगायला नको.

सफरचंदांच्या खोल्या एकदा भरल्या की सीलबंद होतात. आतला प्राणवायू काढून घेतात, म्हणजे फळ झोपल्यासारखं राहतं. चार-चार महिने दार उघडायचं नाही आणि आत माणूस जायचा नाही. गेला तर गुदमरेल. दारात तळहाताएवढी काच आणि बाहेर संगणकाचा पडदा, एवढीच ऑपरेटरची नजर.

एका सोमवारी दुपारी विजेला झटका बसला. प्रोग्राम बंद पडून पुन्हा सुरू झाला. साच्यातून बारा खोल्या नव्याने निघाल्या, बाराही शून्य तापमान घेऊन. अर्ध्या मिनिटात अकरा सेन्सरांचे आकडे आले. सात नंबरच्या सेन्सरची तार त्याच झटक्यात जळली होती. तिथून काहीच आलं नाही. सात नंबरची खोली जन्माचंच शून्य घेऊन बसली. आणि सफरचंदाला शून्याच्या आसपासचंच तापमान लागतं, त्यामुळे त्या शून्याकडे बघून कोणाच्या मनात शंका येण्याचं कारण नव्हतं. खुद्द प्रोग्रामच्याही नाही. खोली थंडच आहे असं समजून त्याने सात नंबरची झडप उघडलीच नाही. येणारे आकडे मध्येच थांबले तर भोंगा वाजायची सोय होती. पण ती पहिला आकडा आल्यावर सुरू व्हायची, आणि इथे पहिलाच आला नव्हता.

बुधवारी दुपारी कानसचा फोन वाजला.

“मी बोलतोय,” दाजी म्हणाले. कामाच्या फोनवरही ते एकमेकांना नाव सांगत नसत. “सात नंबर हलत नाही.”

“हलायला काय ती बस आहे?”

“आकडा हलत नाही म्हणतोय मी. बाकीच्या खोल्या शून्य पॉइंट दोन, पॉइंट पाच, पॉइंट तीन अशा चाललेल्या असतात. सात आपली शून्यावर गप्प बसलीय. तीन दिवस झाले.”

“दाजी, तापमान स्थिर आहे म्हणून तक्रार करणारा अडाणी माणूस मी पहिल्यांदाच बघतो. बिघडलं तर फोन करा. नीट चाललंय म्हणून करू नका.”

फोन ठेवून तो हसला होता. चांगला दात दिसेपर्यंत हसला होता. आणि दाजींनीही पुन्हा फोन केला नाही. एकदा अपमान झालेल्या दारात दुसऱ्यांदा जायचं, हे त्या माणसाच्या स्वभावातच नव्हतं. दर तासाला रजिस्टरमध्ये ते सातपुढे ०.० लिहीत राहिले.

पुढच्या मंगळवारी सात नंबरच्या काचेवर आतून पाण्याचे थेंब दिसले. दार उघडलं तेव्हा आंबूस वास अंगणापर्यंत आला. आत चौदा अंश होतं. फळं हात लावला की बोट आत जावं अशी झाली होती.

मालकिणीने दाजींचं रजिस्टर उघडलं. नऊ दिवसांची शून्यं एकाखाली एक, नीट ओळीत. “हा माणूस खुर्चीतून उठलेलाच नाही,” ती म्हणाली. “बसल्या जागी शून्य काढत होता.” शुक्रवारी अकराला सगळ्यांना बोलवलं, आणि त्यानंतर दाजींनी घरी जायचं, ते परत न येण्यासाठी, हे शिपायापर्यंत सगळ्यांना कळलं.

बुधवारी कचेरीत कानस आणि चष्मेवाली साचा उघडून बसले. शोधायला वेळ लागला नाही. कन्स्ट्रक्टरची चौथी ओळ.

“मी बोलले होते, असं मी म्हणणार नाही,” ती म्हणाली.

“म्हटलंत की.”

“हो. म्हटलं.” तिने चष्मा काढून पुसला आणि परत घातला. “खूप दिवसांनी बरं वाटतंय.”

कचेरीच्या साहेबांना मात्र बरं वाटलं नाही. त्यांनी दार लावून घेतलं. “तार जळली ती त्यांची. बघितलं नाही तो माणूस त्यांचा. अहवालात एवढंच येईल. तुमच्या शून्याचं पुराण ऐकायला आपल्याला कोणी बोलावलेलं नाही. आणि तो माणूस तुमचा कोणीतरी लागतो ना? त्याच्याशी तुमचं काय सख्य आहे ते मला माहीत आहे. तुम्हाला काही जड जाऊ नये.”

जड जातच नव्हतं. हीच तर पंचाईत होती. दाजी दिवसभर घरात लुंगी लावून बसलेत, आवाज गेलाय, पाहुण्यांसमोर टाळी मागत नाहीत, हे चित्र कानसने दोन-तीनदा डोळ्यांसमोर आणून पाहिलं आणि दरवेळी ते गोड लागलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते खरं. पण हा संन्यासी काय लायकीचा आहे, हेही बघायला नको का?

गुरुवारी संध्याकाळी डबा तिसऱ्या पायरीवर आला नाही. ताई तो घेऊन थेट वर आली. अकरा वर्षांत ती पाच-सहा वेळाच वर आली असेल. खोलीत एक खाट, एक टेबल, भिंतीला लावून ठेवलेले चपलांचे दोन जोड. बसायला दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून ती उभीच राहिली.

“उद्या त्यांना काढतायत.”

“कळलं.”

“ते म्हणतात, तुला फोन केला होता.”

तो डब्याचं झाकण उघडून बघत होता.

“अरे, मी काय विचारतेय? केला होता का?”

“उद्या विचारतील तेव्हा सांगेन.”

“काय सांगशील?”

“ताई, मी तुझ्या नवऱ्याचा वकील नाही.”

“नाहीस. वैरी आहेस, ते मला ठाऊक आहे. वैऱ्याने खरं बोलू नये असं कुठे लिहिलंय?” तिचा आवाज चढला आणि तिनेच तो खाली आणला, कारण खाली दाजी होते. “ते उद्या फोनचं नाव काढणार नाहीत. म्हणतात, त्याच्यासमोर पदर पसरण्यापेक्षा घरी बसेन. आणि मी वर आले होते हे त्यांना कळू देऊ नकोस. कळलं तर नोकरी राहूनही ते या घरात राहायचे नाहीत.”

ती गेल्यावर त्याने जेवण केलं, डबा धुतला आणि साच्याचा छापलेला कागद टेबलावर पसरला. चौथ्या ओळीवर त्याने बोट ठेवलं. हाच साचा आणखी सहा शीतगृहांत चालू होता. तिथेही एखादी तार जळेल, आणि तिथलाही कोणी ऑपरेटर शून्य लिहीत बसेल. पण त्याला खरा सल वेगळ्याच गोष्टीचा होता, आणि तो त्याचा त्यालाही थोडा चमत्कारिक वाटला. रिकामी जागा नको, हा त्याचा वीस वर्षांचा नियम. तो नियम फसला तो त्याच्या हातून, त्याच्या हट्टाने. एवढी मोठी, एवढी विचारपूर्वक केलेली चूक, आणि ती उद्या दाजींच्या नावावर जाणार? झोपा काढण्यापलीकडे ज्याला काही जमलं नाही, त्याच्या? त्या माणसाच्या हातून अशी चूक होणं शक्य तरी होतं का?

शुक्रवारी मालकिणीच्या खोलीत सहा खुर्च्या होत्या. दाजी भिंतीशी उभेच राहिले. त्यांना कोणी बसा म्हटलं नाही. सात नंबरमधली फळं बाहेर काढायचं काम चालू होतं आणि खिडकी लावूनही वास येत होता. साहेबांनी अहवाल वाचला. तार, झटका, निष्काळजीपणा. कागदावर तीन शब्द नीट जुळून बसले होते.

“नऊ दिवस,” मालकीण दाजींना म्हणाली. “एकदाही वाटलं नाही, काहीतरी चुकतंय?”

“वाटलं.”

“मग कोणाला सांगितलं?”

दाजींनी खिडकीकडे पाहिलं. “ज्याला सांगायचं त्याला सांगितलं.”

“कोणाला?”

ते खिडकीकडेच बघत राहिले. मालकिणीने रजिस्टर मिटलं. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. तेवढ्यात कानस म्हणाला, “मला.”

साहेबांनी टोपण पुन्हा काढलं. “अहो, ते घरगुती...”

“घरगुती नाही. बुधवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, कामाच्या फोनवर. सात नंबरचा आकडा हलत नाही, तीन दिवस झाले, असं यांनी मला सांगितलं.”

“आणि तुम्ही काय सांगितलंत?” मालकिणीने विचारलं.

हे मात्र त्याने रात्री मनात म्हणून पाहिलेलं नव्हतं. दाजी पहिल्यांदाच त्याच्याकडे वळले.

“तापमान स्थिर आहे म्हणून तक्रार करणारा अडाणी माणूस पहिल्यांदाच बघतो, असं म्हणालो. बिघडलं तरच फोन करा म्हणालो.” त्याचे कान तापले, पण आवाज नेहमीसारखाच खरखरीत राहिला. “तो आकडा सेन्सरचा नव्हता. प्रोग्राम सुरू होताना खोलीच्या तापमानाच्या जागी मी जे शून्य भरून ठेवतो, ते होतं. तिथे ‘माहीत नाही’ असं असायला हवं होतं. तसं सुचवलेलं मी खोडून काढलं. यांनी रजिस्टरमध्ये तेच लिहिलं जे मी पडद्यावर दाखवलं.”

मग मालकीण बोलली, आणि जे बोलली ते साहेबांना उद्देशून, अर्धा तास. तो भाग सांगण्यासारखा नाही. शेवटी दाजींची नोकरी राहिली. तापमापक त्याच दिवशी दारांवर परत लावायचे ठरले. सातही शीतगृहांचा साचा दुरुस्त करायचा, आणि कन्स्ट्रक्टरची प्रत्येक ओळ यापुढे चष्मेवाली तपासणार, कानस नाही. हे शेवटचं साहेबांनी उभ्या उभ्या जाहीर केलं, आणि कानसकडे न बघता गाडीत बसून निघून गेले.

अंगणात हमाल पाट्या ओतत होते. तपकिरी लगद्याचा ढीग गुडघ्याएवढा झाला होता. कानस नाकाला रुमाल लावून फाटकाकडे निघाला तेव्हा मागून दाजींची पावलं आली.

“उपकार केलेत म्हणून घरी मिरवू नका,” दाजी म्हणाले.

“तुमच्यासाठी केलंच नाही काही.”

“ते दिसलंच. चार माणसांत मला पुन्हा एकदा अडाणी म्हणून घेतलंत.”

“मी काय म्हणालो ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं.”

“शिवी देताना तोतरे होत नाही कधी तुम्ही.” दाजी थांबले. त्यांचा मोठा आवाज अचानक लहान झाला. “एक विचारू? काल संध्याकाळी डबा घेऊन ही वर आली होती, ती बराच वेळ होती. माझ्यासाठी रदबदली करायला आली होती का?”

कानसने रुमाल नाकावरून काढला. समोरचा मोठा चेहरा पांढरा पडला होता. कालपासून दाजींनी दाढी केलेली नव्हती.

“तुमच्यासाठी?” तो म्हणाला. “तिला काय कामं नाहीत? जिन्यातला दिवा गेलाय, तो मी बदलत नाही म्हणून भांडायला आली होती.”

“मग बदलत का नाही?”

“खालच्यांचा जिना आहे. खालच्यांनी बदलावा.”

“जिना दोघांचाही आहे!” दाजींचा आवाज परत जागेवर आला. पाट्या ओतणारे हमाल वळून बघायला लागले. “अकरा वर्षं वर-खाली करता, ते काय हवेतून?”

“ओरडू नका. माणसं बघतायत.”

“बघू देत! माणसांनाही कळू दे, कसला मेहुणा पदरी पडलाय!”

दोघांनाही एकाच घरी जायचं होतं. दाजी रागारागाने फाटकाबाहेर पडले. कानस दहा मिनिटं थांबला, ते नजरेआड झाल्याची खात्री केली, मग थाप निभावून न्यायला वाटेतल्या दुकानातून एक दिवा विकत घेतला आणि लांबच्या रस्त्याने निघाला. जिन्यातला दिवा गेलेलाच नव्हता, आणि दाजी पुढे गेल्यावर तो चालू दिवा काढून ठेवणं आता शक्य नव्हतं. तेव्हा दिवा चालू कसा, असं दाजींनी विचारलं तर काय सांगायचं, याचा विचार करत तो चालला.